बाटलीत उरलेले दोन डोस

फ्रिज चालू आहे यावर विश्वास ठेवू नये, ही माझ्या नोकरीची पहिली शिकवण. हिरवा दिवा लागलाय, मोटार घुरघुरतेय, म्हणजे आत गारवा असणारच, असं घरी चालतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात चालत नाही. मी तिथं औषध निर्माता होतो. लोक कंपाउंडर म्हणायचे, जुनी माणसं 'गोळ्यावाले' म्हणायची आणि माझ्या पाठीमागं सगळा स्टाफ मला 'सीआयडी' म्हणायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संशय घेणाऱ्या माणसाला अशा गोष्टी आपोआप कळतात.

जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचं केंद्र. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की फोन लागला नाही तर मोबाईलमधली बाई कधी मराठीत दिलगिरी व्यक्त करायची, कधी कानडीत. मी मूळचा तामलवाडीचा. बदली होऊन आलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो.

गोळ्या वाटणं हे माझं लोकांना दिसणारं काम. न दिसणारं काम म्हणजे लस सांभाळणं. लसीचा फ्रिज पेटीसारखा असतो, वरून झाकण उघडायचं. आतलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मधेच पाहिजे. सकाळ-संध्याकाळ स्वतः वाकून तापमापी वाचायची आणि तक्त्यावर लिहायची. लसीचं वाईट हे, की ती बिघडली तरी वास मारत नाही, बहुतेक वेळा दिसतही नाही. बिघडलेली लस टोचली तर बाळाला काही होत नाही. आई समजते, आपलं लेकरू सुरक्षित झालं, आणि ते झालेलं नसतं. दूध नासलं तर कळतं तरी. त्यामुळं या धंद्यात भोळा माणूस घातक आणि संशयी माणूस कामाचा, असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं आहे.

एका मोठ्या साहेबांनी उन्हाळ्यात आमरसाचा डबा लसीच्या फ्रिजमध्ये ठेवला होता. मी तो उचलून व्हरांड्यात ठेवला. साहेब वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. दुसऱ्या एका केंद्रावर तपासणीला गेलो होतो, तिथं महिनाभराचा तक्ता सुरेख भरलेला, रोज सकाळी चार अंश, रोज संध्याकाळी चार अंश. त्याच महिन्यात वादळानं दोन दिवस लाईट नव्हती. त्या दोन दिवशीही चारच. तिथल्या नर्सबाईंनी सगळा महिना एका बैठकीत लिहून काढला होता. खोटी नोंद करणारा माणूस माझ्या मनातून जो उतरायचा तो कायमचाच.

संशय घेणारा मी एकटाच होतो असंही नाही. एक म्हातारबाबा दर महिन्याला रक्तवाढीच्या गोळ्या न्यायचे आणि खिडकीतून हात आत घालून म्हणायचे, "पयली तुमी खावा." मी खायचो. बाबा माझ्या घशाकडं बघायचे, गिळली याची खात्री झाली की मग पिशवी उघडायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. उलट वाटायचं, हा माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

कोविडच्या साथीत लस पहिल्यांदा आली तेव्हा ती कुणाला नको होती. सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असं पारावर ठरलं होतं. नसरीन सिस्टर आणि मी घराच्या दारात उभे राहिलो, की माणसं मागच्या दारानं शेताकडं जायची. नसरीन सिस्टर म्हणजे आमच्या केंद्राच्या नर्सबाई. नळदुर्गच्या. त्यांनी त्या गावातली निम्मी लेकरं हातावर घेतली होती. त्यांनाही लोक टाळू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ह्यांच्या आयांना म्या उठवून बसवलंय, अन् आता हे मला बघून पळायलेत."

मग दुसरी लाट आली. एका आठवड्यात गावात इतक्या तिरड्या बांधल्या गेल्या, की तीच माणसं पहाटेपासून केंद्रासमोर चपला ओळीत ठेवून बसू लागली. आणि नेमकी तेव्हा लस आटली. कधी चार बाटल्या यायच्या, कधी दोन, कधी गाडी रिकामी फिरायची.

त्यात नाव मोबाईलवर नोंदवायचं होतं. ठरलेल्या वेळी जागा उघडायच्या आणि चहा गाळेपर्यंत संपायच्या. आमच्या गावात रेंज शोधायला माणूस टाकीवर चढायचा. तो खाली येईपर्यंत आमच्या केंद्रावरच्या जागा सोलापूर-पुण्याच्या लोकांनी घेतलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या. एकानं मला विचारलं, इथं जवळपास जेवायला बरं कुठं मिळतं. बाहेर चपलांची ओळ होती आणि चपलांचे मालक त्याच्याकडं बघत होते.

गाव भडकलं. त्यात गावाची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दक्षता समिती आधीपासून होतीच. पहिल्या लाटेत वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून बसणारी तीच माणसं. तिचे म्होरके आबा, वयानं साठीच्या पुढचे, शब्दाला किंमत असलेले. त्यांच्या घरातली दोन माणसं त्याच पंधरवड्यात गेली होती. ते केंद्रात आले, डोक्याची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मानेसाहेब, ही बाटली आमच्या गावात आलीय. आधी आमची माणसं. उरलं तर दुनियेला द्या."

पुढं मोबाईलऐवजी केंद्रावरच नोंदणी सुरू झाली, तशी समितीनं फाटकावर खुर्ची टाकली. नियम असा, की आधार कार्डावर गावाचं नाव असेल त्यालाच टोकन. कार्डं तपासायला चिकट माणूस पाहिजे होता. तो मी.

शासनाचा असा कुठलाही आदेश नव्हता. देशातल्या कुणालाही देशात कुठंही लस घेता येत होती. हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं, आमच्या डॉक्टरांनाही माहीत असावं. पण त्यांना तालुक्याच्या कोविड सेंटरवर नेमलं होतं, आमच्याकडं ते आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचे. मी त्या खुर्चीवर खुशीनं बसलो. कार्डाची झेरॉक्स असेल तर मूळ मागायचो. मूळ असेल तर फोटो आणि चेहरा जुळवायचो, त्यासाठी मास्क खाली घ्यायला लावायचो. पत्ता तोंडपाठ म्हणून घ्यायचो. एकाला गावच्या देवळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. तो चुकला, मी परत पाठवला. नसरीन सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या, "सर, तुमचं आधार कुठलं म्हणायचं?" माझं आधार तामलवाडीचं. आम्हां आरोग्यवाल्यांना मात्र लस सगळ्यांच्या आधी मिळालेली होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्याच सुमाराला टीव्हीवर बातमी आली, की देशाबाहेर जाणारी लस थांबवली आहे. आधी आपल्या माणसांना, मग बाहेर. मी घरी बसून टाळी वाजवली. म्हणजे खरोखरच वाजवली, बायकोनं वळून बघितलं. इतके दिवस आपल्याच देशातल्या कारखान्यातल्या बाटल्या विमानानं बाहेर जातात हे मला आवडत नव्हतं. मला वाटायचं यात कुणाचे तरी हात ओले होत असणार. स्वतःच्या ताटात वाढून न घेता शेजाऱ्याला वाढणारा माणूस मला कधीच खरा वाटला नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी जेवून उठलो तर सुभाषचा फोन. सुभाष माझा धाकटा भाऊ. ढोकीकडच्या भागात साखर कारखान्यात पॅनवर काम शिकला. उसाचा रस आटत आला की दाणा नेमका कधी धरायचा हे ज्याला नजरेनं कळतं तो पॅनमन. असा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. आफ्रिकेतल्या एका देशात नवा साखर कारखाना निघाला, तेव्हा त्यांनी याला नेलं. तिथंच त्यानं पहिला डोस घेतला होता, भारतातून आलेल्या बाटलीतला. त्या बाटलीवरचं नाव वाचून त्याला भरून आलं होतं म्हणे.

"अण्णा, दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली," तो म्हणाला. "इथं सांगत्यात, इंडियाकडनं माल येत न्हाय."

"इथं माणसं पटापट मरायलीत, सुभाष. आधी आपल्यांचं बघायला नको का?"

 तो म्हणाला, "म्या कुणाचा हाय मग?"

"तिकडं गेलास ना कामाला? तिथल्या सरकारनं बघावं."

"तिथलं सरकार म्हणतंय, जेवढी हाय तेवढी आधी आमच्या माणसांना. आमच्या क्वार्टरमधले तिघं आडवे पडल्यात, अण्णा."

मी त्याला काळजी घे म्हणालो. गरम पाणी पी म्हणालो. फोन ठेवल्यावर मला त्या देशाचा फार राग आला. माझ्या भावाकडून साखर करून घेताय आणि सुईची वेळ आली की तो परका होतो का? अर्ध्या तासानं मी परत फाटकावरच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि कार्डं मागू लागलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला त्या दिवशी दिसलं नाही. एवढा सीआयडी असून.

गावचा कोण, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नसतो. पुण्यात वीस वर्षं राहिलेली माणसं आली. मतदान इथं, आधार इथलं, गावात पाऊल दिवाळीला. कागद पक्का, त्यांना टोकन. मग एक दिवस सोलापूरचे एक गृहस्थ स्वच्छ पांढऱ्या शर्टात आले आणि म्हणाले, मी या गावचा जावई. समितीत तासभर काथ्याकूट झाला. कागदानं पाहिलं तर परका. पण जावयाला फाटकावरून माघारी धाडायचं म्हणजे गावाचं नाक गेलं. सासरे डोक्याला हात लावून बसले. शेवटी आबांनी सांगितलं, "जावई चालंल. पर एका घरचा एकच." दुसऱ्या दिवशी तीन जावई आले. त्यातला एक साखरपुडा झालेला होता, लग्न व्हायचं होतं. त्यालाही दिली. मी हसत हसत टोकन लिहिलं.

आणि म्हादेवीला दिली नाही.

म्हादेवी मूळची आळंद तालुक्यातली, म्हणजे कर्नाटकातली. नवऱ्यासोबत वीटभट्टीवर आली होती. नवरा वारला, ती राहिली. गायरानात पत्र्याचं खोपटं, पंधरा वर्षं त्याच जागी. शाळेत खिचडी शिजवायची. तिचं आधार अजून आळंदकडच्या गावाचंच होतं, कारण ते बदलायला रहिवासी दाखला लागतो, आणि गायरानातल्या खोपटाला घर नंबर नाही म्हणून ग्रामपंचायत दाखला देत नव्हती. साथीत शाळा विलगीकरणाला घेतली. आजारी माणसांना ठेवलेलं, घरचे लोक डबा फाटकात ठेवून पळायचे. आत जाऊन भाकरी-कालवण वाढायला बाई पाहिजे होती. समितीनं म्हादेवीला सांगितलं. ती तोंडाला पदर बांधून रोज आत जात होती. तिला दमा होता. दम्याच्या गोळ्या तिला दर महिन्याला मीच खिडकीतून देत होतो. तेव्हा कधी तिचं आधार विचारलं नव्हतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणालो, "म्हादेवी, हे कर्नाटकचं हाय. तुमी तिकडं जाऊन घ्या."

ती गेलीसुद्धा. निम्मं चालत, निम्मं दुधाच्या गाडीत. हद्दीवर त्या बाजूच्या नाक्यानं विचारलं, कुठून आलीस. महाराष्ट्रातून म्हणाली. मग त्यांनी चाचणीचा कागद मागितला. तो नव्हता, म्हणून परत धाडली. हे तिनं मला दुसऱ्यांदा आली तेव्हा सांगितलं. मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, गेलीच नसेल.

तिसऱ्यांदा आली तो दिवस मला पुसता येत नाही.

इथं एक गोष्ट समजावून सांगायला पाहिजे. त्या लसीच्या एका बाटलीत दहा डोस. बुचाला पहिली सुई टोचली, की चार तासांत बाटली संपवायची. उरलं ते फेकायचं, दुसऱ्या दिवशी चालत नाही. म्हणून आमची रीत अशी, की दहा माणसं बाकावर बसलेली मोजल्याशिवाय बाटली फोडायची नाही. त्या दिवशी शेवटची बाटली अकराला फोडली, तेव्हा दहा माणसं बसलेली होती. आठ झाली. नववा सुई बघून उठला आणि सरळ घरी गेला. दहाव्या बाईला ताप निघाला. दोन डोस उरले. टोकनं संपलेली, गावची बाकीची माणसं पांगलेली, समिती जेवायला गेलेली. गावात दोन जणांना निरोप धाडला. एक तुळजापूरला गेलेला, दुसऱ्यानं उद्या येतो म्हणून कळवलं. उद्या या शब्दाचा त्या बाटलीला उपयोग नव्हता.

दीडच्या सुमाराला शाळेतली जेवणं उरकून म्हादेवी आली आणि फाटकाच्या आत बाकाच्या टोकाला बसली. काही मागितलं नाही. कार्ड हातात होतं.

नसरीन सिस्टर बाहेर आल्या. "सर, दोन हायत. बोलावू का तिला?"

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, कारण लाज त्याचीच आहे. मला म्हादेवीची दया आली नाही असं नाही. पण त्याच्याआधी मनात आलं, की दोन डोस उरले आणि नेमकी हीच कशी आली? नववा माणूस खरंच घाबरला का? दहावीला ताप आहे हे सांगितलं कुणी, तर सिस्टरनी. थर्मामीटर मी पाहिला नव्हता. मला योगायोग मान्य नसायचे. मी सिस्टरना विचारलं, "हिला निरोप कुणी दिला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "सर, तुमी माझ्यावर शक घ्यायलाव?"

"शक नाही. विचारतोय."

"कुणी न्हाय दिला. ह्या टायमाला ती रोज फाटकाबाहेर येऊन बसतीया. तुमी बघत न्हाय."

मी आबांना फोन लावला. ते जेवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई चांगली हाय, त्याबद्दल काय न्हाय. पर आज हिला दिलं तर उद्या आख्खं गायरान फाटकावर येईल. मग आमच्या माणसांना काय सांगू? तुमीच बघा, मानेसाहेब. तुमी जे कराल ते." म्हणजे त्यांनी नाही म्हटलंच नाही. इतकी वर्षं मी ती गोष्ट आबांवर ढकलून सांगत होतो. आज लिहिताना ती जागेवर ठेवतो.

मी काहीच केलं नाही. न करणं हे आमच्या खात्यात सगळ्यात सुरक्षित. दोन वाजले, अडीच वाजले. सिस्टर आत-बाहेर करत होत्या. म्हादेवीला मधेच खोकल्याची उबळ आली, तिनं ती पदरात दाबली, कारण त्या दिवसांत खोकला म्हणजे गुन्हाच होता. तीन वाजता चार तास पुरे झाले. मी बाटली टाकून देण्याच्या डब्यात टाकली. वहीत लिहिलं, वाया गेलेले डोस दोन. पुढं कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं, लाभार्थी उपलब्ध नाही.

लाभार्थी माझ्यापासून दहा पावलांवर बसलेली होती. वहीतलं माझं अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, सुवाच्य.

मी बाहेर येऊन म्हणालो, "म्हादेवी, आजचं संपलं."

ती उठली, कार्ड पिशवीत घातलं. "उद्या येऊ का, सायेब?"

"बघू," मी म्हणालो.

दोन आठवड्यांच्या आत म्हादेवी आडवी झाली. शाळेतूनच तिला लागण झाली असणार. उमरग्याला नेलं, बरेच दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. परत आली तेव्हा ती आधीची म्हादेवी नव्हती. हंडा घेऊन चार पावलं चालली की खाली बसायची. शाळेतलं काम गेलं. तो एक डोस मिळाला असता तर ती आजारी पडलीच नसती का? तसं छातीठोकपणे मला सांगता येत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत एका डोसनं किती फरक पडतो, यावर शिकलेली माणसं वाद घालतील. पण हा युक्तिवाद मला फार सोयीचा आहे, आणि सोयीच्या गोष्टीचा मला पहिल्यापासून संशय येतो.

निवृत्तीनंतर मी यावर पुष्कळ विचार केला. देशानं आधी आपल्या माणसांचं बघावं, हे मला आजही पटतं. आईनं आधी आपल्या लेकराला पाजावं, यात पाप नाही. सरकार आपणच निवडतो ते त्यासाठीच. पण 'आधी आपली माणसं' म्हणणारा माणूस 'आपली'ची यादी कुणाकडून लिहून घेतो, हे मी आता बघतो. आमच्या यादीत साखरपुड्याचा जावई बसला. आमच्या आजाऱ्यांना भाकरी वाढणारी बाई बसली नाही. माझ्या भावाची साखर त्या देशाची झाली, भाऊ झाला नाही. आणि आम्हीही त्याला आमचा म्हणालो नाही. दुसरं असं, की 'आधी' म्हणताना पुढं 'मग' असतो. तो 'मग' कधी येणार हे कुणीच सांगत नाही. आम्ही तर 'मग' डब्यात टाकला. आपल्या लेकराचं पोट भरल्यावर उरलेलं दूध ओतून देणाऱ्या आईला काय म्हणावं, ते मला कुणी सांगावं.

सुभाषला दुसरा डोस सहा-सात महिन्यांनी मिळाला, दुसऱ्याच कुठल्या तरी श्रीमंत देशानं पाठवलेल्या बाटल्यांतला. त्यांच्याकडं भरपूर झाली होती. पण बाटल्यांची मुदत संपायला थोडेच आठवडे राहिलेले. तिथली खेड्यातली माणसं घेईनात. सुभाष फोनवर म्हणाला, "अण्णा, जवा पाहिजे होती तवा दिली न्हाय, आता मरायला आलेल्या बाटल्या धाडल्यात, आसं म्हणत्यात. काय चुकलं त्यांचं?" मी विषय बदलून त्याच्या कामाचं विचारलं.

कारण तोवर आमच्याकडंही तेच चाललं होतं. लस उदंड झाली. फ्रिज गच्च भरला, आणि वरून रोज विचारणा, आकडा का वाढत नाही. फाटकावरची खुर्ची कधीच उचलली गेली होती. आता आम्ही लसीची पेटी खांद्याला लावून घरोघर, शेतोशेत, वीटभट्टीवर फिरत होतो. आधार कुठलंही चालत होतं. नसलं तरी चालत होतं. तशात एक दिवस सकाळी नसरीन सिस्टर आणि मी गायरानात गेलो.

म्हादेवी खोपटाच्या दाराशी ज्वारी पाखडत होती. दोन हात मारायची आणि थांबायची. आम्हांला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"कशाला आलाव?"

"लस घेऊन आलोय," मी म्हणालो.

"कुणाला?"

"तुमाला."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग खांद्यावरच्या पेटीकडं. "गावची झाली व्हय समदी?"

"झाली."

"म्हंजी उरली म्हणा की."

मी तिला समजावू लागलो. लस चांगली आहे, मुदत लांबची आहे, बाटली मी स्वतः सांभाळलेली आहे, तापमान रोज दोनदा बघतो. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती सगळी तिच्यासमोर मांडली. ती ऐकत होती, पण माझ्या बोलण्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. यात खोट कुठं आहे, हा माणूस आज पायी चालत कशाला आला, आता याला माझ्याकडनं काय पाहिजे. त्या नजरेला मी चांगला ओळखत होतो. तशी नजर मी माणसांवर पूर्ण नोकरीभर रोखली होती.

नसरीन सिस्टर तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "म्हादेवक्का, माझ्यासाठी घे. तुला दमा हाय. परत आलं तर झेपायचं न्हाय तुला."

म्हादेवीनं सूप भिंतीकडं सारलं. मग म्हणाली, "तुमी टोचणार आसाल तर घेते. ह्यांना भाईर थांबू द्या."

मी तिथंच उभा होतो, दारापाशी. बाहेरच होतो की मी. पण तिला अजून लांब हवं होतं, म्हणून पेटी सिस्टरकडं देऊन आठ-दहा पावलं मागं सरलो. त्या दोघी आत गेल्या. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

घरोघरच्या यादीत पत्त्याचा रकाना होता. सिस्टरनी आतूनच विचारलं, "सर, म्हादेवीचा पत्ता काय लिहू?"

मी बोलायच्या आत म्हादेवीचा आवाज आला, चढलेला नाही, साधाच. "त्यांनाच इचारा. गावचं कोण अन् न्हाय, ते त्यांनाच ठावं."

मी गावाचं नाव सांगितलं.

 मग नसरीन सिस्टर म्हणाल्या, "सर, मोठ्यानं सांगा जरा. हिला ऐकू आलं न्हाय."